आप्पा कुठल्या घरातले?

दिवेआगरात नारळी-पोफळीच्या वाडीतल्या एखाद्या घरात आजी नातवाला सांगते, "आप्पांना जेवायला बोलाव." पोरगा आडनाव विचारत नाही. घरात आप्पा असले तर तेच. नसले तर वाडीतले, तिथंही नसले तर आळीतले. आळीत चार आप्पा असोत, घरातल्या आप्पांपुढे ते झाकले जातात.

प्रोग्रॅममध्येही नावाचा शोध असाच आतून बाहेर जातो. कुठलं नाव कुठपर्यंत चालायचं, याचा नियम म्हणजे स्कोप. 1960 च्या अल्गोल भाषेनं 'बिगिन' आणि 'एंड' या शब्दांचा गडगा घातला. आत जाहीर केलेलं नाव बाहेर दिसत नाही.

खरा पेच पुढेच आहे. समजा, हिशेबाचं एक फंक्शन वाडीत लिहिलं: नग गुणिले दर. तिथं दर 20. तेच फंक्शन पुण्यातल्या दुकानाच्या प्रोग्रॅमनं वापरलं, आणि तिथंही 'दर' आहे, पण 35. दहा नारळांचे किती? फंक्शन जिथं लिहिलं तिथला दर धरला तर 200. जिथून वापरलं तिथला धरला तर 350. पहिला लेक्सिकल स्कोप, दुसरा डायनॅमिक.

जॉन मॅकार्थी यांच्या सुरुवातीच्या लिस्प भाषेत दुसरा नियम शिरला, तोही नकळत. जेम्स स्लेगल यांनी फंक्शन नीट चालत नसल्याची तक्रार केली, तेव्हा मॅकार्थींना ती किरकोळ चूक वाटली. पण दुखणं मुळाशी होतं. फंक्शननं आपल्या जन्मघरातले नावांचे अर्थ गाठीला बांधूनच बाहेर पडायला हवं होतं. या गाठोड्याला पीटर लँडिन यांनी 1964 मध्ये 'क्लोजर' म्हटलं. 1975 च्या स्कीम भाषेनं लेक्सिकल नियम घेतला. पायथन, जावास्क्रिप्टही त्याच वाटेच्या. तरी जावास्क्रिप्टमध्ये नाव जाहीर करणाऱ्या जुन्या 'व्हार'ला, फंक्शनचे सोडले तर, महिरपी कंस अडवत नाहीत. कंसाला मान देणारं 'लेट' 2015 मध्ये आलं.

मला लेक्सिकल नियमच पटतो. समोरचं पान वाचून अर्थ लागतो. उद्या ते कोण कुठून वापरेल, याचा घोर राहत नाही.

वर्षाचा अर्थही असाच गाठीला बांधता येतो: दिवेआगरच्या प्रसिद्ध मराठी ताम्रपटावर 982 हे वर्ष आहे. शकाचा उल्लेख त्याच पत्र्यावर कोरलेला आहे. म्हणून तो कुठंही नेऊन वाचला तरी आपण आपला इसवी सन त्यात घुसडत नाही. 78 मिळवतो आणि 1060 वर येतो.