मिनामाताचा करारनामा

जपानच्या क्यूशू बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर, शिरानुई समुद्राला लागून वसलेल्या मिनामाता गावी कोळ्यांच्या घरची मांजरे वेडीवाकडी नाचून मरू लागली होती. आणि त्या प्रकाराचा उलगडा होण्यापूर्वीच १९५६ च्या एप्रिलमध्ये चिस्सो या रासायनिक कारखान्याच्या इस्पितळात चालणे-बोलणे हरपलेली एक लहान मुलगी दाखल झाली. १ मे रोजी इस्पितळाचे प्रमुख डॉ. हाजिमे होसोकावा यांनी मज्जासंस्थेचा एक अज्ञात विकार गावात फैलावत असल्याची वर्दी आरोग्य खात्यास दिली.

हा कारखाना १९३२ पासून ॲसिटाल्डिहाइड तयार करीत असे व त्या क्रियेत उत्प्रेरक म्हणून पाऱ्याचा क्षार वापरला जाई. त्यातून उपजणारा मिथिल पारा सांडपाण्याबरोबर उपसागरात उतरे, तेथील सूक्ष्म जीवांच्या देही साठे, त्यांना खाणाऱ्या माशांत अधिक दाट होई आणि अखेर त्या माशांवरच ज्यांचे पोट, त्यांच्या मेंदूपर्यंत पोहोचे. गर्भाशयातील वार विषाला आत शिरू देत नाही, अशी तत्कालीन वैद्यकाची समजूत होती. ती मिनामाताने खोटी ठरविली, कारण वरकरणी धडधाकट दिसणाऱ्या मातांच्या पोटी जन्मतःच पंगू मुले आली. अपत्याची वाळलेली नाळ जपून ठेवण्याची जपानी घराण्यांत चाल आहे, आणि पुढे संशोधकांनी याच नाळांतून मिथिल पारा मोजला. शास्त्राला याहून करुण दस्तऐवज क्वचितच मिळाला असेल.

१९५९ साली कुमामोतो विद्यापीठाच्या वैद्यांनी सेंद्रिय पाऱ्याकडे बोट दाखविले. त्याच वर्षी होसोकावांनी स्वतः कारखान्याचे सांडपाणी अन्नातून एका मांजराला घातले, तेव्हा तेही तसेच झटके देऊ लागले. परंतु व्यवस्थापनाने हा प्रयोग दडपून ठेवला. एवढेच नव्हे, तर वर्षअखेरीस रोग्यांशी ‘सांत्वनाच्या रकमे’चा जो करार केला, त्यात पुढेमागे कारखानाच दोषी ठरला तरी अधिक भरपाई मागता येणार नाही, असे कलम घातले. हे कलम, माझ्या मते, साऱ्या प्रकरणातील सर्वांत निर्दय वाक्य होय. १९६५ मध्ये निइगाता प्रांतात, दुसऱ्याच एका कारखान्यामुळे, आगानो नदीकाठी हाच रोग पुन्हा उद्भवला. तरीही कारखान्याचा पाराच रोगाचे कारण असल्याची सरकारची कबुली आली ती १९६८ च्या सप्टेंबरात, म्हणजे मिनामातातील ते उत्पादन बंद होऊन काही महिने लोटल्यावर. १९७३ साली कुमामोतोच्या न्यायालयाने कारखान्यास जबाबदार धरून तो सांत्वनाचा करार रद्दबातल ठरविला.

पाऱ्याची वाफ देशांच्या सरहद्दी जुमानीत नाही, हे ध्यानी घेऊन संयुक्त राष्ट्रसंघाच्या पर्यावरण कार्यक्रमाने पुढाकार घेतला, जिनीव्हात २०१३ च्या जानेवारीत मसुदा ठरला आणि त्याच वर्षी १० ऑक्टोबरला कुमामोतो येथे ‘मिनामाता करार’ संमत झाला. न्याय अद्याप पुरा मिळालेला नसताना गावाचे नाव कराराला देण्यास काही पीडितांची हरकत होती, आणि ती अवाजवी नव्हती. करार १६ ऑगस्ट २०१७ पासून अमलात आला. भारताने त्यास २०१८ मध्ये मंजुरी दिली. पाऱ्याच्या नव्या खाणींना त्याने बंदी केली, जुन्या खाणींना मुदत घालून दिली, आणि पाऱ्याचे थर्मामीटर, रक्तदाबमापक यंत्रे, बॅटऱ्या व त्वचा उजळविणारी मलमे यांच्या उत्पादनास व आयात-निर्यातीस, काही सवलती ठेवून, २०२० ही सीमा घातली. पारंपरिक व धार्मिक व्यवहारातील वस्तू मात्र त्याने वगळल्या. पारद व हिंगूळ रसशास्त्रात शतकानुशतके वापरणाऱ्या आपल्या देशाने या सवलतीकडे निर्धास्तपणे नव्हे, तर सावधपणे पाहावे.

कराराची खरी कसोटी मात्र कारखान्यांत नाही. मानवी उद्योगांमुळे हवेत जाणाऱ्या पाऱ्याचा सर्वांत मोठा वाटा आज दगडी कोळशाच्या भट्ट्यांचाही नसून छोट्या सोनेखाणींचा आहे. आफ्रिका, दक्षिण अमेरिका व आशिया येथील लक्षावधी गरीब माणसे कुटलेल्या खनिजात पारा मिसळून सोन्याचे कण त्यात बांधून घेतात आणि मग तो गोळा तापवून पारा उडवून देतात; हे काम पुष्कळदा घरातच, मुलाबाळांच्या देखत चालते. ज्याची रोजची भाकरी या धुरावर शिजते त्याला फर्मान काढून थांबविता येत नाही, हे करारकर्त्यांस ठाऊक होते. म्हणून सातव्या कलमात या खाणींमधील पाऱ्याचा वापर कमी करावा, आणि शक्य तेथे बंद करावा, एवढेच म्हटले आहे. थर्मामीटरला मुदत आहे. या खाणकामगाराच्या पाऱ्याला अखेरची तारीख नाही.