वैद्यकीय संशोधनवृत्तीचा अर्ज

कामगार संघटनेच्या कार्यकर्त्याने वैद्यकीय संशोधनावर बोलावे, हे कित्येकांना विचित्र वाटेल. आमचे शालेय शिक्षण दहावीवर थांबले. पुढचे जे काही झाले ते सार्वजनिक वाचनालयात आणि कामगार न्यायालयाच्या बाकावर. परंतु अर्ज लिहिण्याच्या बाबतीत आम्ही स्वतःला थोडेफार जाणकार समजतो. मागणीपत्रके, तक्रारी, अपिले यांत आमची तीस वर्षे गेली आहेत. म्हणूनच गेल्या वर्षी परळच्या आमच्या जुन्या चाळीतली एक मुलगी, “काका, माझा अर्ज नामंजूर झाला,” असे सांगत घरी आली, तेव्हा आम्ही तिला एवढेच म्हटले, “बस, वाचून दाखव.”

तिचे आजोबा आमच्या वडिलांबरोबर कापड गिरणीच्या कार्डिंग खात्यात होते. नात फुप्फुसाच्या विकारांवर पीएच.डी. झाली. आता घरच्यांचा प्रश्न असा, की एवढे शिकूनही अजून अर्ज कसले करायचे? हा प्रश्न पुष्कळ घरांत विचारला जात असेल, म्हणून आधी त्याचा उलगडा करू.

पीएच.डी. झालेला तरुण संशोधक असतो, पण त्याची स्वतःची प्रयोगशाळा नसते आणि कायम नोकरीही नसते. तो दुसऱ्याच्या प्रकल्पावर, दुसऱ्याच्या प्रश्नावर राबतो. या मधल्या वर्षांत त्याला स्वतःच्या प्रश्नावर काम करता यावे म्हणून त्याचा पगार आणि संशोधनाचा खर्च देणारी जी वृत्ती, तिला ‘अर्ली करिअर फेलोशिप’ म्हणतात. केंद्र सरकारचा जैवतंत्रज्ञान विभाग आणि इंग्लंडातील वेलकम ट्रस्ट यांनी २००८ साली सुरू केलेल्या ‘इंडिया अलायन्स’ची अशी वृत्ती पाच वर्षांची असते. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने या योजनेच्या तिसऱ्या टप्प्याला मंजुरी दिली. त्यासाठी १५०० कोटी रुपये ठरले असून त्यांतले १००० कोटी सरकारचे आणि ५०० कोटी ट्रस्टचे आहेत. आधी प्राथमिक अर्ज, तो पसंत पडला तर संपूर्ण अर्ज, मग बाहेरच्या तज्ज्ञांचे अभिप्राय आणि शेवटी मुलाखत, अशी ही वाट आहे. शिवाय काम जेथे करावयाचे त्या संस्थेची लेखी संमती लागते.

अशा वृत्तीने काय होते याचे एक उदाहरण आपल्या जवळचेच आहे. पुण्यात जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे १९४९ साली मुंबई विद्यापीठाच्या पीएच.डी. झाल्या आणि फेलोशिप मिळवून अमेरिकेत बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत पेशीसंवर्धनाचे तंत्र शिकल्या. ते तंत्र घेऊन त्या मुंबईच्या कर्करोग संशोधन केंद्रात परतल्या आणि तेथे त्यांनी त्याची प्रयोगशाळा उभी केली.

आता आमच्या चाळीतल्या मुलीचा अर्ज. पहिली चार पाने तिने वाचली आणि आम्हांला झोप येऊ लागली. हे आमच्या अडाणीपणामुळे असेल असे आम्ही धरून चाललो. तरी विचारले, “यात तुझा प्रश्न कोणता?” ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “काका, हा सगळा आमच्या सरांचा विषय आहे.” नामंजुरीच्या पत्रातही तज्ज्ञांनी सभ्य भाषेत हेच लिहिले होते.

चांगला प्रश्न म्हणजे काय, हे आम्ही तिला तिच्या आजोबांच्याच खोकल्यावरून सांगितले. कापसाच्या धुळीने होणाऱ्या छातीच्या विकाराला बिसिनोसिस म्हणतात. कार्डिंग खात्यात तो फार. रविवारची सुटी घेऊन कामगार सोमवारी परत आला की त्याची छाती आवळल्यासारखी होते आणि पुढच्या दिवसांत ती सैल पडते. इंग्लंडात लँकेशायरच्या गिरण्यांमध्ये रिचर्ड शिलिंग या डॉक्टरांनी १९५० च्या दशकात या लक्षणावरच रोगाच्या पायऱ्या बसविल्या. कधीमधी एखाद्या सोमवारी त्रास, दर सोमवारी त्रास, सोमवारबरोबर इतर दिवशीही त्रास, आणि पुढे दम कायमचा जाणे. ही मांडणी ज्यावर उभी राहिली तो प्रश्न चाळीतल्या कोणत्याही बाईला समजेल असा आहे : “छाती कोणत्या दिवशी भरते?” कामगाराला विचारल्याशिवाय त्याचे उत्तर सापडले नसते. आमचे वडील सोमवारी जेवत नसत, आणि आम्ही लहानपणी तो त्यांचा उपास समजत होतो.

मुलगी त्या दिवशी न बोलता गेली. पंधरा दिवसांनी आली ती एका वाक्यात प्रश्न घेऊन. तो तिचा आहे, म्हणून येथे सांगत नाही.

दुसरा दोष खर्चाच्या तक्त्यात होता. मंजुरी लवकर मिळेल या आशेने तिने लागेल त्यापेक्षा कमी पैसे मागितले होते. मागणीपत्रकात ही चूक आम्हीही तरुणपणी केली आहे. परीक्षकाला कमी आकडा पाहून दया येत नाही. एवढ्यात हे काम होणारच नाही, हे मात्र त्याला कळते. खरा खर्च मागावा आणि प्रत्येक रकमेपुढे कारण लिहावे.

तिची ही सवय कोठून आली तेही आम्ही जाणतो. केंद्राच्या नियमांनी विद्यावेतन घेणाऱ्या कनिष्ठ संशोधकाला २०१४ पासून महिना २५,००० रुपये होते. देशभर संशोधकांनी आंदोलन केल्यावर जानेवारी २०१९ पासून ३१,००० झाले आणि जानेवारी २०२३ पासून ३७,०००. मधल्या वर्षांत बाजारभाव काही थांबले नव्हते. घरभाडे भत्ता आहे, पण महागाई भत्ता नाही, बोनस नाही, निवृत्तीचा लाभ नाही. गिरणी कामगाराने झगडून मिळविलेला महागाई भत्ता त्याच्या उच्चशिक्षित नातीला नाही, हे आम्हांला अजून पचलेले नाही. स्त्री संशोधकांना प्रसूतीची पगारी रजा मात्र या नियमांत आहे. पुष्कळ मुलींना ते ठाऊक नसते आणि कोणी आपणहून सांगत नाही. प्रत्येक वृत्तीचे नियम वेगळे असतात, तेव्हा रजा, मुदतवाढ आणि वृत्ती मध्येच सोडावी लागल्यास काय, ही तीन कलमे अर्ज भरण्यापूर्वीच वाचावीत.

राहिले संस्थेचे संमतिपत्र. पहिल्या वेळी एका कार्यालयात तिचा कागद नऊ दिवस एका टेबलावर पडून होता आणि सही शेवटच्या संध्याकाळी मिळाली. त्या घाईत जोडलेले एक पान चुकीचे गेले. या वेळी आम्ही तिला दीड महिना आधी कागद द्यावयास लावला आणि दर सोमवारी जाऊन चौकशी करावयास सांगितले. तिने दोनदा कंटाळून तक्रार केली, पण गेली.

अर्ज मुदतीच्या चार दिवस आधी संगणकावरून रवाना झाला. पोच आली तिची एक छापील प्रत तिने आमच्याकडे ठेवावयास दिली आहे. ती आम्ही संघटनेच्या फायलीत, मागणीपत्रकांच्या पोचपावत्यांबरोबर लावली. निकाल अजून यावयाचा आहे.