आपले बोलणे व्याकरणाच्या कोणत्या डब्यात बसते? पुण्यात जन्मलेल्या अरविंद जोशींचे उत्तर

ऑनलाइन अर्जात पिनकोड चुकला की अर्ज पुढे सरकत नाही. पुण्याचा पिनकोड ४११ ने सुरू होतो आणि पुढे आणखी तीन आकडे असतात. हे तपासायला संगणकाला फार डोके लागत नाही. एकेक आकडा वाचायचा आणि आपण कितव्या पायरीवर आहोत एवढेच लक्षात ठेवायचे.

आता हे वाक्य पाहा : 'आईने ताईला बाळूला पोहायला शिकवताना पाहिले.' तीन माणसे, तीन क्रिया. पोहणार बाळू, शिकवणारी ताई, पाहणारी आई. शेवटच्या नावाची जोडी पहिल्या क्रियेशी आणि पहिल्या नावाची शेवटच्या क्रियेशी. पायऱ्या मोजणारे यंत्र इथे अडकते, कारण अशी नावे कितीही वाढवता येतात आणि त्याची आठवण मात्र ठरावीकच असते.

एक काम दुसऱ्यापेक्षा नेमके किती अवघड, हे मोजायची पट्टी नोम चॉम्स्की यांनी १९५६ आणि १९५९ च्या लेखांत दिली. पुण्यातल्या कॉम्प्युटर इंजिनीअरिंगच्या विद्यार्थ्यांना ती 'टीओसी'च्या पेपरात भेटते, आणि बहुतेक वेळा परीक्षेपुरतीच.

डब्यात डबा

या शास्त्रात 'भाषा' म्हणजे फक्त चिन्हांच्या ओळींचा संच, आणि 'व्याकरण' म्हणजे त्या ओळी तयार करणारे नियम. नियमांवर बंधने जितकी कमी, तितकी व्याकरणाची ताकद जास्त. चॉम्स्कींचे चार वर्ग एकात एक बसणाऱ्या डब्यांसारखे आहेत.

सर्वांत आतल्या डब्यात नियमित भाषा. पिनकोड इथला. त्याबाहेर संदर्भमुक्त भाषा. इथे यंत्राला ताटांची चळत मिळते : शेवटी ठेवलेले ताट आधी उचलायचे. आई-ताई-बाळूचे वाक्य असेच सुटते, गणितातले कंसही असेच जुळतात. तिसरा डबा संदर्भसापेक्ष भाषांचा. चौथ्यात नियमांवर बंधनच नाही, आणि तिथे एखादी ओळ भाषेत आहे की नाही याचे उत्तर प्रत्येक वेळी मिळेलच अशी खात्रीही नाही.

मग माणसाची भाषा कुठे? मराठीचे वरचे वाक्य पाहून दुसरा डबा पुरेल असे वाटते. पण डच भाषेत अशा उपवाक्यात क्रम असा लागतो : 'आई ताई बाळू पाहिले शिकवताना पोहायला'. पहिले नाव पहिल्या क्रियेशी, दुसरे दुसऱ्याशी. जोड्या एकमेकींना छेदून जातात आणि चळत निरुपयोगी ठरते. स्विस जर्मनमध्ये तर नावाची विभक्तीही आपापल्या क्रियेप्रमाणे बदलते. त्याच आधारावर स्टुअर्ट शीबर यांनी १९८५ मध्ये दाखवून दिले, की ती भाषा दुसऱ्या डब्यात मावत नाही.

तिसरा डबा घ्यावा, तर तो फारच मोठा. त्यातल्या सगळ्या व्याकरणांना लागू पडेल अशी वेगवान पद्धत कोणालाच माहीत नाही. लहान मूल तर वाक्य ऐकता ऐकता समजून घेते.

दोन डब्यांमधली जागा

अरविंद जोशी यांचा जन्म ५ ऑगस्ट १९२९ चा, पुण्यातला. पुणे विद्यापीठ, मग बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था आणि पुढे अमेरिकेतले पेनसिल्व्हेनिया विद्यापीठ असा त्यांचा प्रवास झाला. तिथे १९५८-५९ मध्ये चॉम्स्कींचे गुरू झेलिग हॅरिस यांच्या प्रकल्पात, युनिव्हॅक संगणकावर इंग्रजी वाक्यांची फोड करणारा प्रोग्राम तयार झाला. त्या कामात जोशी होते. गंमत म्हणजे तो प्रोग्राम पहिल्याच डब्यातल्या यंत्रांची साखळी होता.

१९७५ मध्ये लिऑन लेव्ही आणि मासाको ताकाहाशी यांच्याबरोबर जोशींनी वेगळी कल्पना मांडली. नियमांऐवजी छोटी झाडे घ्यायची. 'शिकवणे' या क्रियापदाच्या झाडात शिकवणारा आणि शिकणारा यांच्या जागा आधीच असतात. मग एका झाडाची फांदी मध्येच कापायची, तिथे दुसरे झाड बसवायचे आणि कापलेला भाग त्या नव्या झाडाच्या टोकाला पुन्हा जोडायचा. एक प्रकारचे कलमच.

यातून नेमके किती बळ मिळाले? संदर्भमुक्त नियम एका वेळी दोन जागी अक्षरे वाढवू शकतो, म्हणून 'ककखख' अशी समान संख्येची दोन गटांची ओळ जमते. कलम एका वेळी चार जागी वाढ करते, म्हणून 'ककखखगगघघ' जमते. पाचवा गट मात्र जमत नाही. ताकद वाढली, पण बेताने. संदर्भमुक्त वाक्याची लांबी दुप्पट झाली तर फोड करायचे काम नेहमीच्या पद्धतीने जास्तीत जास्त ८ पट होते, इथे ६४ पट. महाग, तरी आवाक्यात.

१९८५ च्या लेखात जोशींनी या मधल्या जागेची लक्षणे मांडली. मराठीत तिला 'सौम्य संदर्भसापेक्ष' म्हणता येईल. पुढे त्यांचे विद्यार्थी के. विजय-शंकर आणि डेव्हिड वीअर यांनी दाखवले, की वेगवेगळ्या अभ्यासकांनी स्वतंत्रपणे रचलेली चार व्याकरणे नेमक्या याच ताकदीची आहेत. वेगवेगळ्या वाटांनी लोक त्याच जागी पोहोचले, हा या कल्पनेच्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा म्हणायला हवा.

जोशींचे ३१ डिसेंबर २०१७ रोजी फिलाडेल्फियात निधन झाले. त्यांची झाडे मात्र त्याआधीच पुण्यात परतली होती. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या पुण्यातील सी-डॅकने सरकारी कागदपत्रांच्या इंग्रजी-हिंदी अनुवादासाठी 'मंत्र' ही प्रणाली बनवली, आणि तिच्यात दोन्ही भाषांची व्याकरणे याच झाडांच्या रूपात मांडलेली आहेत. कार्यालयीन आदेशांमधली लांबच लांब वाक्ये तिच्या वाट्याला आली.