‘सुटण्या’चा नियम संगणकाला सांगताना

लपाछपी सुरू होण्यापूर्वी राज्य कोणावर, याचा निवाडा व्हावा लागतो. मराठी मुलखात त्यासाठी मुले ‘सुटतात’. काही ठिकाणी याला ‘चकणे’ म्हणतात. तिघे एकाच वेळी हात पुढे करतात, कोणी उताणा, कोणी पालथा. ज्याचा हात इतर दोघांहून वेगळा, तो सुटला. (बेळगाव-निपाणीकडे ‘राज्य कोणाचे’ हा प्रश्न १९५६ पासून मोठ्यांनाही सुटलेला नाही, ती गोष्ट निराळी.)

प्रोग्रॅमिंगच्या आरंभीच्या धड्यांत जगभर दगड-कागद-कात्री हा खेळ दिला जातो. सीमाभागातील मराठी शाळांत त्याऐवजी ‘सुटणे’ घेणे अधिक फलदायी ठरेल. याचे नियम मुलांच्या हाताला ठाऊक असतात. ते शब्दांत मांडण्याची वेळ मात्र कधी आलेली नसते. संगणकापुढे ती येते.

उताणा हात ० आणि पालथा १ मानला, की तीन हातांची बेरीज करावयाची. बेरीज ० किंवा ३ आली तर सारे सारखे, म्हणून डाव पुन्हा. १ आली तर एकटा पालथा सुटला, २ आली तर एकटा उताणा. हातांच्या एकूण आठ जुळण्यांपैकी सहांत कोणीतरी सुटतोच. म्हणजे चारांपैकी सरासरी तीन डाव निकाली निघतात. चौथा गडी आला की अडचण उभी राहते. दोन उताणे, दोन पालथे पडले तर काय करावयाचे? गल्लीत याचे उत्तर आपोआप मिळते, संगणकाला ते लिहून द्यावे लागते. अखेरच्या दोघांसाठी सुटलेला गडी मदतीला हात टाकतो, तेव्हा तोच वेगळा पडला तर तो डाव धरत नाहीत. हा अपवाद लिहिण्यास बहुतेक नवशिके विसरतात आणि राज्य कोणावरच येत नाही.

इंग्रजी कच्चे म्हणून संगणक आपला नव्हे, ही समजूत मराठी माध्यमाच्या मुलांत खोल रुजलेली असते. ती पूर्णतः खरी नाही. २००८ मध्ये आलेल्या पायथन ३ या भाषेत चलांना ‘हात’, ‘गडी’, ‘राज्य’ अशी देवनागरी नावे देता येतात. शेजारच्या बाकावरील मुलाला ती कन्नड लिपीतही देता येतील. ‘इफ’, ‘एल्स’, ‘व्हाइल’ हे मोजके शब्द तेवढे इंग्रजीतच लिहावे लागतात. अंकांच्या बाबतीत एक गंमत आहे. खेळणाऱ्याने कळफलकावरून देवनागरी ‘१’ दिला, तर त्याचे संख्येत रूपांतर करणारी आज्ञा तो बिनतक्रार स्वीकारते. तोच अंक प्रोग्रॅमच्या ओळीत संख्या म्हणून लिहिला, तर मात्र चूक दाखवली जाते.