पांढरी व पिवळी फुलपाखरे

लेपिडॉप्टेरा गणाच्या पिएरिडी कुलात या फुलपाखरांचा समावेश होतो. या कुलाच्या जगात सु. १,१०० जाती असून त्यांपैकी बहुतेक उष्ण प्रदेशांत आढळतात. महाराष्ट्रात पावसाळ्यात व त्यानंतर माळराने, बागा व रस्त्याकडेची झुडपे येथे ती विपुल दिसतात. नर व मादी या दोहोंतही पायांच्या तिन्ही जोड्या पूर्ण वाढलेल्या असतात.

पंखांचा पांढरा व पिवळा रंग मुख्यत्वे खवल्यांतील टेरिन या नायट्रोजनयुक्त रंजकद्रव्यांमुळे येतो. फ्रेडरिक गोलंड हॉपकिन्झ यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांचा अभ्यास करून ती यूरिक अम्लाशी निगडित असल्याचे मानले होते. ती निराळी संयुगे आहेत, हे विसाव्या शतकात स्पष्ट झाले. त्यांच्यासारखीच वलयरचना फॉलिक अम्ल या जीवनसत्त्वातही असते.

अंडी उभट, कुपीसारखी असून बहुतेक जातींची मादी ती एकेकटी घालते. अळ्या बहुधा हिरव्या असतात. कोश शेपटीकडील टोकाने व कमरेभोवतीच्या रेशमी धाग्याने आधाराला बांधलेला असतो. ओल्या मातीतील क्षार शोषण्यासाठी नर थव्याने जमतात.

प्रौढ फुलपाखरू अनेक प्रकारच्या फुलांतील मध घेते. अळी मात्र ठराविक वनस्पतींवरच वाढते. यूरेमा हेकाबी या लहान पिवळ्या जातीच्या अळ्या टाकळा, शेवरी, शिरीष इत्यादींची पाने खातात, तर कॅटॉप्सिलिया वंशातील जाती बहावा, टाकळा यांवर वाढतात. काळ्या शिरांचे पांढरे बेलेनॉइस ऑरोटा वाघाटीच्या कुलातील झुडपांवर अंडी घालते. हळदीकुंकू (डेलियास यूकॅरिस) या जातीच्या अळ्या आंब्यासारख्या झाडांवरील बांडगुळावर समूहाने राहतात.

कोबीवरील पांढरे फुलपाखरू (पिएरिस ब्रॅसिकी) उत्तर भारतात कोबी, फुलकोबी व मोहरी या पिकांचे नुकसान करते. त्यामुळे या कुलातील सर्वच जाती उपद्रवी असल्याचा समज होऊ शकतो. परंतु महाराष्ट्रात नेहमी दिसणाऱ्या बहुतेक जातींच्या अळ्या रानटी झाडाझुडपांवरच उपजीविका करतात. टाकळा पावसाळी भाजी म्हणून खाल्ला जात असला, तरी एरव्ही तो तण समजून उपटला जातो. वाघाटीची काटेरी जाळी कुंपण व रस्ते साफ करताना तोडली जाते. एखाद्या परिसरातून अळीच्या खाद्यवनस्पती नाहीशा झाल्यास तेथे फुले भरपूर असली, तरी ही फुलपाखरे पिढ्यान्‌पिढ्या टिकू शकत नाहीत. बागेत केवळ मधाची फुलझाडे लावणे म्हणूनच पुरेसे ठरत नाही.