खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयाची पुनःस्थापना : एक जीवशास्त्रीय विवेचन

मुळशी तालुका हा मुसळधार पावसाचा आणि गोड्या पाण्याचा प्रदेश होय. ताम्हिणी घाट उतरून कोकणात गेल्याशिवाय येथून समुद्र दिसत नाही. अशा ठिकाणी प्राणिशास्त्र विभागात खाऱ्या पाण्याचे मत्स्यालय ठेवणे ही थोडी हौसेचीच बाब. प्रस्तुत लेखकाचा संबंध असलेल्या अशाच एका विभागात पावसाळ्यातील एका रात्री सुमारे २०० लिटर क्षमतेच्या टाकीचा सांधा सुटला आणि सर्व मासे दगावले. आठवडाभरात नवी टाकी भरून नवे मासे सोडण्यात आले; तेही वाचले नाहीत. पहिली हानी काचेमुळे झाली, दुसरी मात्र आमच्या घाईमुळे. या दुसऱ्या हानीची कारणमीमांसा करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

टाकी फुटल्यावर मासे व पाणी गेलेले दिसते. जीवाणूंचा थर गेलेला दिसत नाही. मासे मुख्यतः कल्ल्यांवाटे अमोनिया उत्सर्जित करतात. जीवाणूंचा एक गट त्याचे नायट्राइटमध्ये, तर दुसरा गट नायट्राइटचे तुलनेने निरुपद्रवी नायट्रेटमध्ये रूपांतर करतो. हे जीवाणू पाण्यात फारसे तरंगत नाहीत. ते फिल्टरमधील स्पंज, वाळू व दगड यांच्या पृष्ठभागाला चिकटून वाढतात. त्यांना प्राणवायू सतत लागतो. म्हणून टाकी फुटताच पाण्याऐवजी फिल्टरमधील ओला स्पंज वाचवावा व तो खाऱ्या पाण्याच्या बादलीत एअरपंप लावून ठेवावा. आम्ही तो धुऊन उन्हात वाळविला होता!

समुद्राच्या पाण्याचा पीएच साधारण ८.१ ते ८.३ असतो. पीएच एका अंकाने वाढला की विषारी मुक्त अमोनियाचे प्रमाण सुमारे दसपट होते. घरी गप्पी पाळणाऱ्या प्राध्यापकांचा अनुभव येथे फसवा ठरतो, तो याच कारणाने.

प्राणवायूचे हे महत्त्व मोठ्या मत्स्यालयांनाही चुकत नाही. १६ डिसेंबर २०२२ रोजी बर्लिनमधील अॅक्वाडोम ही सुमारे १० लाख लिटरची टाकी फुटली व तिच्यातील सुमारे १५०० मासे जवळजवळ सर्व मेले. त्याच इमारतीतील इतर लहान टाक्या अभंग होत्या. तरीही वीज खंडित झाल्याने त्यांतील शेकडो मासे तातडीने अन्यत्र हलवावे लागले. पावसाळ्यात वीज जाणे ज्यांच्या अंगवळणी पडले आहे, त्यांनी बॅटरीवर चालणारा एअरपंप जवळ ठेवणे इष्ट.

१९५१ मध्ये सुरू झालेले आणि नूतनीकरणानंतर २०१५ मध्ये पुन्हा खुले झालेले मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय समुद्रालगत उभारले गेले होते. घाटमाथ्यावर ती सोय नाही. कोकणातून पाणी आणायचे म्हटले तरी पावसाळ्यात खाड्यांजवळ त्याची क्षारता घटलेली असते. त्यामुळे तयार सागरी मीठ वापरणे श्रेयस्कर. लिटरला सुमारे ३५ ग्रॅम मीठ विरघळवून, पाणी रात्रभर ढवळत ठेवून, विशिष्ट गुरुत्व १.०२५ च्या आसपास आले की नाही ते हायड्रोमीटरने पाहावे. पुढे बाष्पीभवनाने पातळी उतरल्यास गोडेच पाणी घालावे, कारण मीठ उडून जात नाही.

काचेसंबंधी दोनच गोष्टी. जुन्या सिलिकॉनवर नवे सिलिकॉन नीट चिकटत नाही, म्हणून जुना थर पूर्ण खरवडावा. आणि न्हाणीघरासाठीचे बुरशीनाशकयुक्त सिलिकॉन कदापि वापरू नये. जुनी वाळू ढवळली गेल्यास हायड्रोजन सल्फाइड व अमोनिया मोकळे होतात; ती धुऊनच घ्यावी.

परदेशी पुस्तकांत ‘जिवंत खडक’ वापरण्याची शिफारस आढळते. हे खडक बहुधा प्रवाळांचे सांगाडे असतात. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये प्रवाळांना आपल्याकडे संरक्षण असल्याने सच्छिद्र सिरॅमिकचे तुकडे वापरावेत. माशांबाबतही तोच विवेक हवा. क्लाऊनफिशच्या बंदिस्त प्रजननाचे तंत्र केंद्रीय सागरी मत्स्यिकी संशोधन संस्थेने विकसित केलेले असताना समुद्रातून पकडलेले मासे पुन्हा पुन्हा आणून मारणे समर्थनीय नाही.

दुसऱ्या अपयशानंतर आम्ही टाकी माशांविना चालविली. रसायनशास्त्र विभागाकडून घेतलेले अमोनियम क्लोराइड अल्प मात्रेत घालून विद्यार्थी एक दिवसाआड अमोनिया व नायट्राइट मोजत. प्रथम अमोनिया चढला, तो उतरू लागताच नायट्राइट चढले. रिकाम्या टाकीकडे पाहून सहकारी थट्टा करीत. सहाव्या आठवड्यात दोन्ही मापने शून्यावर आली. निम्मे पाणी बदलून साचलेले नायट्रेट कमी केले आणि दुसऱ्या दिवशी दोनच क्लाऊनफिश सोडले.