बदनापूरच्या मापाने २९,००० किलोमीटर

बदनापूरहून छत्रपती संभाजीनगर साधारण ४० किलोमीटर, जालना साधारण २०. पहाटे सायकल काढा, संभाजीनगरला जा, परत या. पुन्हा जा, पुन्हा या. मग जालना गाठा. झाले १८० किलोमीटर. हेच उद्या करा, परवा करा, असे १५९ दिवस करा. पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीने २०१८ मध्ये सायकलवरून जगाची जी प्रदक्षिणा केली, तिची रोजची सरासरी याहून किंचित जास्त, १८२ किलोमीटर, भरते : २९,००० किलोमीटर, १५९ दिवस, १४ देश. तेव्हा ती इंग्लंडमधल्या बोर्नमथ विद्यापीठात शिकत होती आणि डिसेंबरमध्ये कोलकात्याला पोहोचली तेव्हा २० वर्षांची होती.

आता या आकड्याच्या पोटात शिरू. साध्या रोड सायकलचे चाक एका फेऱ्यात सुमारे २.१ मीटर पुढे जाते. म्हणजे २९,००० किलोमीटरसाठी प्रत्येक चाकाचे जवळपास १ कोटी ३८ लाख फेरे झाले. मधल्या गिअरवर पायडलच्या एका फेऱ्यात साडेपाच मीटर अंतर कापले जाते असे धरले, तर पायडलचे फेरे होतात ५२ लाखांहून जास्त. उतारावर पाय थांबतात म्हणून थोडे कमी धरा. तरी संख्या लाखांतच राहते. ताशी २० किलोमीटर वेग धरला तर रोज नऊ तासांहून जास्त वेळ खोगिरावर. सगळे तास जोडले तर १,४५०. म्हणजे दिवसरात्र न उतरता सलग ६० दिवस!

एवढ्या श्रमाला अन्न किती लागते? सामानासह सायकल चालवताना किलोमीटरला सुमारे २५ कॅलरी खर्च होतात असा ढोबळ हिशेब केला, तर १८२ किलोमीटरला साडेचार हजार. नुसते जिवंत राहायला लागणाऱ्या दीड हजार त्यात मिळवा. दिवसाला ६,००० कॅलरी, म्हणजे आपल्या ज्वारीच्या साधारण ३० भाकरी. तेवढे अन्न अनोळखी मुलखात रोज शोधायचे, पचवायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा शोधायचे.

‘जगप्रदक्षिणा’ म्हणजे नेमके काय, याचेही नियम आहेत. गिनीजच्या निकषानुसार किमान १८,००० मैल, म्हणजे सुमारे २८,९७० किलोमीटर, प्रत्यक्ष सायकलवर कापावे लागतात. विमान-जहाज धरून एकूण प्रवास विषुववृत्ताएवढा, ४०,०७५ किलोमीटर, व्हावा लागतो. दिशा एकच हवी. आणि वाटेत पृथ्वीच्या गोलावर परस्परांच्या बरोबर विरुद्ध असलेल्या दोन जागा लागाव्या लागतात. ही शेवटची अट सगळ्यात अवघड, कारण पृथ्वीचा बहुतेक पृष्ठभाग पाण्याचा. बदनापूरहून पृथ्वीच्या मध्यातून सरळ रेषा काढली तर ती पलीकडे पॅसिफिक महासागरात, ईस्टर बेटाच्या ईशान्येला निघते. तिथे सायकल चालत नाही. न्यूझीलंडच्या पाठीशी मात्र स्पेन येतो. वेदांगीच्या मार्गात हे दोन्ही देश होते.

जुलैत ऑस्ट्रेलियातल्या पर्थहून निघून ती ब्रिस्बेनला गेली. मग न्यूझीलंड. मग कॅनडा, पश्चिमेच्या व्हँकुव्हरपासून पूर्वेच्या हॅलिफॅक्सपर्यंत. पुढे आइसलँड, पोर्तुगाल, स्पेन, फ्रान्स, बेल्जियम, जर्मनी, डेन्मार्क, स्वीडन, फिनलंड, रशिया. शेवटचे सुमारे ४,००० किलोमीटर भारतात. वाटेत तिने उणे २० ते अधिक ३७ अंश सेल्सिअस असे तापमान सोसले, म्हणजे ५७ अंशांचा फरक. कॅनडात अस्वल मागे लागले. स्पेनमध्ये चाकूचा धाक दाखवून तिला लुटले. रशियात बर्फात एकटीने रात्री काढल्या. सुमारे ८० टक्के प्रवास तिने सामान लादून एकटीने केला, म्हणजे जवळपास २३,००० किलोमीटर.

तेव्हाच्या बातम्यांत ‘रोज जवळपास ३०० किलोमीटर’ असे छापून आले होते. गुणाकार केला तर हे जमत नाही. रोज ३०० झाले असते तर प्रवास ९७ दिवसांत संपला असता. १८२ ची सरासरी जास्त बोलकी आहे. विमानाचे, दुखापतीचे, खोळंब्याचे दिवसही त्या १५९ मध्येच मोजले गेले. शिवाय भारतीय पासपोर्टवर या मार्गासाठी पाच व्हिसा लागतात : ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, कॅनडा, युरोपातल्या देशांचा सामाईक शेंगेन आणि रशिया. त्याच वर्षी ब्रिटनच्या जेनी ग्रॅहमने कोणाचीही मदत न घेता १२४ दिवसांत प्रदक्षिणा पूर्ण केली. तिला युरोपातून व्हिसाशिवाय जाता येत होते. पुढे २०२४ मध्ये अमेरिकेच्या लेएल विलकॉक्सने हा आकडा १०८ दिवसांवर आणला, रोज जवळपास २७० किलोमीटर. या दोघींचे पराक्रम थोर आहेतच. पण कागदपत्रांची चढण नकाशावर दिसत नाही आणि ती सगळ्यांना सारखी नसते, हे वेदांगीचे दिवस मोजताना विसरू नये.

मला या सगळ्यातून एकच सांगायचे आहे : २९,००० हा आकडा डोळे दिपवतो, पण तो रोजच्या १८२ चा बनलेला आहे. रोजच्या आकड्याचे बळ आपल्या मुलींच्या हातात आजही आहे. मानव विकास कार्यक्रमातून राज्यातल्या मागास तालुक्यांत आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना शाळेसाठी सायकली दिल्या जातात. पाच किलोमीटरवरून शाळेत येणारी मुलगी रोज १० किलोमीटर चालवते. वर्षाला शाळेचे २०० दिवस धरले तर २,००० किलोमीटर. पाच वर्षांत १०,००० किलोमीटर. वेदांगीच्या प्रदक्षिणेचा एक तृतीयांशाहून मोठा हिस्सा ती बारावीपर्यंत पूर्ण करते, पावसाळ्यातल्या काळ्या मातीच्या चिखलासह, आणि त्याची नोंद कुठेच होत नाही.

म्हणून बदनापूर तालुक्यातल्या पालकांना एक विनंती. दहावी झाली, मुलगी मोठी झाली, म्हणून तिची सायकल भावाला देऊ नका. पंक्चर काढून द्या, चेनला तेल घाला आणि तिला पुढच्या गावापर्यंत जाऊ द्या.